हॅनाचं माहेर

कुमुदकाकू मेलेल्या बायकांना माहेर शोधून देतात.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या कॉलेजच्या गावात त्या आपल्या मुलाकडे राहायला आल्या आणि कंटाळून लायब्ररीत जायला लागल्या. इथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाच्या थडग्यांवर बाईचं नाव ‘सॅम्युअलची बायको हॅना’ एवढंच. ती कोणाची मुलगी, ते कुठेच नाही. मग काकू त्या काळातली मृत्युपत्रं मायक्रोफिल्मवर वाचत बसतात. एखादा बाप लिहून गेलेला असतो, ‘माझी मुलगी हॅना, सॅम्युअलची बायको, हिला तपकिरी गाय आणि पिसांची गादी.’ असं सापडलं की माझ्या दुकानात फोन. “बापानं नाव घेतलंय रे! गाडी काढ.”

गावात इंडियन ग्रोसरी माझी एकट्याची. रिकाम्या हातानं येऊन उभी केलीय. फुकट काही करत नाही. पण काकूंशी घासाघीस करून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. नारळ, खण माझ्या दुकानातले, भाव त्यांचा, ड्रायव्हर मी.

हॅनाच्या वेळी फेब्रुवारी होता. चर्चमागच्या दफनभूमीत गुडघाभर बर्फ. काकूंनी दगडाला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, “मागचं दार उघड. माहेरी काय चालत जाणार ती?”

उघडलं. वारा अजिबात नव्हता. मागची सीट किंचित दबल्यासारखी वाटली.

“बेल्ट लाव तिचा. पोलिसानं दंडाचं तिकीट दिलं तर मलाच बोलशील.”

लावला. शपथेवर सांगतो, पट्टा सैल पडला नाही.

बापाची कबर वीस मैलांवर. हीटर चालू, तरी मानेला मागून गार लागत होतं. भीती घालवायला मी माझं दुखणं काढलं. वडिलांचं साताऱ्याचं घर पडायला आलं होतं, ते मी सावरलं; आणि बहीण हक्क सोडत नाही. चार वर्षं बोलणं बंद. वकिलानं केलेलं हक्कसोडपत्र खिशातच होतं. “तुम्हाला असले कागद कळतात, काकू. कुठे पळवाट राहिलीय का, बघा.”

काकूंनी बराच वेळ वाचलं.

“पक्कं आहे. बहिणीनं सही केली की त्या घरावरून तिचं नाव गेलं.”

“तेच तर पाहिजे!” मी ओरडलो.

मागे बेल्टचं बक्कल खट्कन वाजलं. मी आरशात पाहिलं नाही.

“तीनशे वर्षांनी कोणी म्हातारी तुझ्या बहिणीचं माहेर शोधायला निघाली, तर कुठे शोधेल रे?”

“हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं.”

“माझं नाही. असल्याच कागदावर दादा म्हणाला ‘इथे’, मी तिथे सही केली. वहिनीनं ओटी भरली. बावीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही.”

पोचलो. काकूंनी दार उघडलं, कोणाला तरी हात दिला, बर्फातून फाटकापर्यंत हळूहळू गेल्या. ओटी भरून एकट्या परत आल्या.

मी गाडी सुरू केली नाही. “काकू, तुमचं माहेर कुठलं?”

त्या दचकल्या. मग एकदम सुरू झाल्या. एस.टी. कुठे थांबते, ओढा कुठे लागतो, दाराशी कोणती गाय. “कुमुद सासरचं नाव. तिथे मी यमू.”

मी पेन काढलं. दुसरा कागद नव्हता, म्हणून वकिलाचाच उलटा केला.

“सावकाश सांगा, यमूताई. आधी आईचं नाव. तिच्या माहेरच्या नावासकट.”