आठवण ज्याची, थकवा त्याला

त्या शहरात एकट्याने पायी फिरणाऱ्याला थकवा येत नाही; चालताना तो ज्याची आठवण काढेल, त्या घरच्या माणसाला येतो. तिथं जायच्या आदल्या रात्री हेमांगीचा डोळ्याला डोळा लागला नाही तो याच काळजीने. आपल्याला नको त्याचीच आठवण आली तर?

लग्नाआधीपासून तिला त्या शहरात एकटीनं भटकायचं होतं आणि नदीवरचा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवलेला लोखंडी पूल बघायचा होता. मुलगी, रेवा, पाच वर्षांची झाली तेव्हा कुठे एक दिवस मोकळा मिळाला. दमायची जबाबदारी नवऱ्यानं, रणजितनं, आपण होऊन घेतली. रजा टाकून तो सकाळीच पायांखाली उशी घेऊन पडला. “जा बिनधास्त. माझ्या पोटऱ्या तयार आहेत.”

स्टेशनाबाहेरच्या पादचारी खिडकीत एक पोक्त बाई बसल्या होत्या.

“एकट्याच?”

“हो.”

“कोण दमणार?”

“नवरा.”

“मग त्यांच्यावरच मन ठेवा. रिक्षात बसलात तर कोणी दमत नाही. उभं राहिलात तरी नाही.”

“आणि कोणाचीच आठवण नाही आली तर?”

“मग तुम्हीच दमाल. काल एक गृहस्थ आले होते. संध्याकाळी स्वतःच धापा टाकत परतले. फार वाईट वाटलं आम्हाला.”

हेमांगी निघाली. फुलबाजार, मग नुसत्या चष्म्यांची गल्ली, मग एक चौक, जिथे न्हावी वडाला आरसे टांगून बसले होते. पाय कसे पिसासारखे हलके! रणजितची आठवण ती नेटानं काढत होती: त्याचं घोरणं, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल. पण एवढ्यानं आठवण पुरेना. गाडीवर तिखटमीठ लावलेला पेरू दिसला की रेवा. भिंतीवर पाल दिसली, तरी रेवा. रेवाची आठवण काढायची नाही असं बजावावं, तर बजावताना नाव घ्यावंच लागे.

दुपारी रणजितचा फोन आला.

“मी ठणठणीत आहे,” तो म्हणाला. सुरात तक्रार होती. “दोनदा जिने चढून बघितलं. रेवा मात्र आडवी झालीये, पाय दुखतात म्हणते. माझी आठवण काढतेस ना गं?”

“काढते रे. अर्ध्या गल्लीत संपते.”

“वा! बरं, देऊ का तिला फोन? मघापासून मागतेय, काहीतरी विचारायचंय म्हणे.”

“नको, नको! आवाज ऐकला तर आणखी आठवण येईल.” तिनं घाईनं फोन ठेवला.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला तिनं पुलाचं विचारलं.

“हा काय, ताई. ही गल्ली संपली की पूलच. रिक्षा नाही जात आत, चालतच जावं लागेल.”

गल्ली फार लांब नव्हती. टोकाकडून नदीचा वारा येत होता. मोठ्या माणसाला पाच मिनिटं. पण पाच वर्षांच्या पोटऱ्यांना? हेमांगी उभी राहिली, कारण उभं राहण्यानं कोणी दमत नव्हतं. पावलागणिक पोरीला दमवून पूल बघणारी आई कशी दिसते, याचा तिनं विचार केला. बराच वेळ केला. मग रिक्षाला हात केला आणि स्टेशन सांगितलं. आपण योग्य तेच केलं, हे तिनं परतीच्या गाडीत स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी शेवटी ते तिलाच पटेना.

घरी रेवा कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. हेमांगीनं चप्पल काढली न काढली तोच तेलाची वाटी घेतली आणि तिच्या पोटऱ्या चोळायला बसली.

“आई, मी फोनवर विचारणार होते. कसा आहे पूल?”

“नाही गं बघितला. अगदी जवळ गेले होते. पण तुझे पाय दुखत होते ना, म्हणून परत आले.”

आता ही गळ्यात पडेल, असं हेमांगीला वाटलं. रेवा आपल्या पायांकडे बघत राहिली.

“मग मी एवढी दमले कशाला?” ती म्हणाली.