एकोणतीसचा पाढा

मुलांनो, आपल्या आर्वीत सुधाकरभाऊंच्या किराणा दुकानात पापड मागितले, तर ते भाव सांगायच्या आधी विचारतात, "बीपी किती?" वजनकाट्याशेजारी बीपीचं मशीनच ठेवलंय. आकडा चढलेला दिसला, की पापड परत फळीवर.

"भाऊ, दुकान चालवून राह्यले का दवाखाना?" गिऱ्हाइकं चिडतात.

"गिऱ्हाईक जित्तं राह्यलं तरच दुकान चालन ना बाप्पा! साऱ्या दुनियेचे डॉक्टर सांगून राह्यले, मीठ कमी करा. आर्वी का दुनियेच्या बाहेर आहे?"

तुमच्या आजोबांचं बीपी याच मशीनवर सापडलं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. महिनाभरात आजोबांनी ती बंद केली. "बरं वाटतंय, मग कशाला खायच्या गोळ्या?" मी सांगून थकले आणि शेवटी भाऊंच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी भाऊ आमच्या ओसरीवर हजर. "वहिनी, पाणी आणा. सर, घ्या गोळी."

आजोबा गोळी तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे आणि ती गालात धरून बसायचे. भाऊ गेले, की थू! भाऊंच्या ते लक्षात आलं.

"सर, एकोणतीसचा पाढा म्हणा बरं."

"मी? गणिताचा मास्तर होतो मी!"

"म्हणूनच तं. म्हणा."

गोळी गालात ठेवून एकोणतीसचा पाढा म्हणता येत नाही. आजोबा गोळी गिळू लागले, पण रोज कुरकुरत. "हा माणूस माझ्यामागे काऊन लागला?" 'का'च्या जागी भाऊंचा 'काऊन' त्यांच्याही तोंडात बसला होता.

पितृपक्षात अविधवा नवमीला भाऊंनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांची बायको, शोभा, पक्षाघातानं गेली होती. तिच्या फोटोपुढे त्यांनी पान मांडलं. खीर, वडे, कढी, भाजी. सगळं वाढून झाल्यावर खिशातून एक गोळी काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली.

आजोबांना हसू आलं. "भाऊ, आता तिला कशाला?"

भाऊ पेला उगाच सरकवत राहिले. "मीच म्हटलं होतं तिले, सर. बरं वाटून राह्यलं तं कायले खातं गोळ्या."



दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ओसरीवर आले. ते टेकायच्या आधीच आजोबांनी गोळी गिळली, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि कोणी न सांगता पाढा सुरू केला, "एकोणतीस एके एकोणतीस..."