नत्थूजींचा मिल्ट्री ट्रेलर

आमचे शेजारी नत्थूजी लग्नाच्या पंगतीत स्वतःचं ताट घेऊन जातात. फौजेतलं जुनं ताट आहे, खणाखणांचं. वाढणारा पत्रावळ मांडायला आला की ते हातानंच त्याला थोपवतात आणि म्हणतात, "राहू दे बाबू. हे मिल्ट्रीचं हाय. याले मरण नाही."

नत्थूजी फौजेत कधीच नव्हते. बालाघाटला सिंचाई विभागात त्यांनी जन्मभर जीप चालवली. तरुणपणी एकदा जबलपूरला भरतीसाठी गेले होते, तिथं छाती कमी भरली. "फुगवली तरी कमी भरली," हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना अजूनही थोडी फुगवतात. तेव्हापासून फौज तुकड्यातुकड्यानं त्यांच्या घरी येत गेली. आधी बूट आले, मग घोंगडी, मग पाण्याचे डबे, मग हिरवी मच्छरदाणी. मे महिन्यात सगळा मोहल्ला गच्चीवर उघडा झोपतो तेव्हाही त्यांच्या खाटेवर ती घोंगडी असते.

जगातल्या वस्तूंचे ते दोनच प्रकार मानतात, मिल्ट्री आणि पब्लिक. आमचा पंखा बंद पडला तेव्हा म्हणाले, "पब्लिकचा माल हाय गुरुजी, चालन तवर चालन." मला ताप आला तर माझ्या गोळ्या हातात घेऊन त्यांनी मान हलवली, "पब्लिकच्या." आता त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात. त्याबद्दलही त्यांची तक्रार नाही. ते गुडघे पब्लिकचे आहेत.

बायको वारल्यावर घरात ते आणि मुलगी प्रीती, दोघंच. प्रीतीचं लग्न त्यांनी तिरोडीला करून दिलं. दोन वर्षांपूर्वी ती दिवाळीला म्हणून आली आणि परत गेली नाही. का, ते मोहल्ल्यात कोणी विचारलं नाही. नत्थूजींना विचारायची सोय नव्हती, कारण त्या सुमारास त्यांच्या डोक्यात ट्रेलर शिरला होता.

एक दिवस कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, रविवारी काय करून राह्यले?"

"काही नाही."

"मंग जबलपूरले चाला. फौजेचा ट्रेलर आणाचा हाय."

"कशाला?"

"लागते," ते म्हणाले.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली होती. लोकांचं धान, सिमेंट, कधी मंडपाचं सामान वाहायचे. मला वाटलं, धंदा वाढवायचा असेल.

फौजेनं काढून टाकलेलं सामान लिलावात घेऊन विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या अंगणात ते ट्रेलर उभे होते. एकात गवत उगवलं होतं, एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती. नत्थूजींनी प्रत्येकाभोवती फेरी मारली, बोटांनी पत्रा वाजवला आणि एका ट्रेलरला चक्क कान लावला.

व्यापारी म्हणाला, "चाचा, इसमें इंजन नहीं है. क्या सुन रहे हो?"

"गाडी सांगते आपलं आपलं," नत्थूजी म्हणाले, आणि कोंबडीवाला ट्रेलर पसंत केला.

तिथून आमचे हाल सुरू झाले. ट्रेलरच्या दांड्याला मनगटाएवढी जाड लोखंडी कडी होती. पिकअपचा हूक त्या कडीपुढं मच्छीच्या गळासारखा दिसत होता. वेल्डरकडे जाऊन नवा हूक लावला. मग दिवे जोडले, तर ते पेटेनात. फौजेचे दिवे चोवीस व्होल्टचे, पिकअपची बॅटरी बारा व्होल्टची. बल्ब उदबत्तीच्या टोकाएवढे लाल झाले आणि तसेच राहिले. शेवटी मागं लाल फडकं बांधून आम्ही निघालो.

रिकाम्या ट्रेलरनंसुद्धा पिकअपचं बूड खाली बसलं आणि नाक आभाळाकडे झालं. नत्थूजी मान उंच करून बॉनेटवरून रस्ता पाहत होते. लामट्याच्या जंगलात उतार लागला तेव्हा पिकअप ट्रेलरला ओढते आहे की ट्रेलर पिकअपला ढकलतो आहे, हे कळेना. मी दाराची कडी घट्ट धरली. नत्थूजी मात्र शांत होते. म्हणाले, "डरू नका गुरुजी. याले मरण नाही." मला काळजी त्याच्या मरणाची नव्हती.

घरी पोचल्यावर तो गल्लीत मागं घ्यायचा होता. आयुष्यभर जीप चालवलेल्या माणसाला ट्रेलर मागं घेता येईना. स्टेअरिंग डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जायचा. सगळा मोहल्ला सूचना द्यायला जमला, आणि त्या सूचनांच्या भरात ट्रेलर आमच्या कंपाउंडच्या भिंतीतून आत आला. नत्थूजी उतरले. आधी ट्रेलर पाहिला, त्याला ओरखडाही नव्हता. मग भिंत पाहिली.

"पब्लिकची होती," ते हळूच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गारा कालवून त्यांनी ती बांधून दिली.

नंतर पुष्कळ दिवस ते त्या ट्रेलरलाच चिकटून होते. टायरांसाठी गोंदियाला गेले. कागदपत्रांसाठी एजंट धरला, त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "याचं इंजिन कुठाय?" फळ्या बदलल्या, वर कमानी बसवल्या, ताडपत्री शिवून आणली. प्रीती पायरीवर बसून बापाकडे पाहत असायची. चहा आणून द्यायची, कप घेऊन जायची. ती फार बोलत नसे.

मग एका सकाळी नत्थूजी दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"तिरोडीले याल का माह्यासंगं?"

ट्रेलर जोडून आम्ही निघालो. वारासिवनी मागं पडली. मग रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "पोरीचं सामान आणाचं हाय. पलंग, कपाट, सोफा, शिलाई मशीन, भांडी. तिकडून निरोप आलता का घेऊन जा म्हणून."

मी म्हणालो, "एखादा ट्रक केला असता, नत्थूजी. एवढा खटाटोप..."

"ट्रकवाला चार ठिकाणी सांगते. अन् पिकअपनं दोन खेपा लागल्या असत्या." त्यांनी गिअर बदलला. "एक खेप आली का पोरगी एकडाव रडन. दुसरी आली का दुसऱ्यांदा. म्हून म्हटलं, एकाच खेपेत सारं मावलं पाहिजे. अन् वरून झाकलेलं पाहिजे."

कटंगीला गाडी थांबवून त्यांनी ट्रेलरची कडी एकदा तपासली.

तिरोडीला सामान अंगणात काढूनच ठेवलं होतं. उन्हात. जावई घरात होता, बाहेर आला नाही. विहीणबाई पाणी घेऊन आल्या. त्यांचे डोळे खाली होते. नत्थूजींनी पाणी घेतलं, पेला उष्टा नको म्हणून वरून प्यायले आणि म्हणाले, "तब्येत सांभाळा, बाई." मग आम्ही सामान चढवलं. प्रत्येक वस्तूखाली त्यांनी घोंगडी घातली. कपाटाच्या आरशावर प्रीतीच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. त्या निघू नयेत म्हणून त्यांनी आरशावर आपला टॉवेल बांधला.

सगळं एकाच खेपेत मावलं.

घरी आल्यावर मी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या."

"अहो, उतरवायचं नाही का?"

"उतरवलं तं तिले वाटन, बापानं ठरवून टाकलं का आता ह्ये इथंच राहीन." त्यांनी घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उद्या तिकडून बोलावणं आलं तं? भरलेलं असलं का जोडली गाडी अन् निघालो."

तेव्हापासून तो ट्रेलर त्यांच्या अंगणात भरलेला उभा आहे. पावसाळा गेला. भरल्या ओझ्यानं टायरातली हवा जाते, म्हणून दर रविवारी नत्थूजी पायपंप घेऊन बसतात आणि त्या पब्लिकच्या गुडघ्यांनी हवा भरतात.

होळीच्या सुमारास बातमी आली, जावयानं दुसरं घर केलं, दुसरी बायको आणली. बाजारात नत्थूजींच्या तोंडावरच कोणीतरी सांगितलं. ते "हौ का" म्हणाले आणि भाजी घेऊन घरी आले. त्या रविवारीही त्यांनी हवा भरली. आम्ही दारातून पाहत होतो, कोणाच्यानं त्यांना अडवलं गेलं नाही.

मागच्या रविवारी मी बाहेरून आलो तर आमच्या मागच्या खोलीत प्रीती बसलेली. माझ्या बायकोच्या मशीनवर कोणाचा तरी ब्लाउज शिवत होती. हल्ली ती मोहल्ल्यातलं शिवण घेते, आणि ते आमच्याकडे येऊन शिवते, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "अगं, तुझी चांगली मशीन तिथं अंगणात पडली आहे. मी बोलू का बाबांशी? आता कशाची वाट पाहायची?"

"नका बोलू काका," ती म्हणाली. "मले सब मालूम हाय. मी तं तिकडं कधीच जाणार नव्हती. पन बाबाले वाटते का मी जाईन. ते त्याच्यावरच जगून राह्यले."

बाहेर पायपंपाचा आवाज सुरू झाला. प्रीतीनं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं, आणि पलीकडे बाबांना मशीन ऐकू जाऊ नये म्हणून नुसती बसून राहिली, हवा भरून होईपर्यंत.