आसनपश्च पिशवीची निवड

सिद्धेश्वरचे पत्र दिवाळीनंतर आले आणि रेणुकादासांनी त्याला उत्तर दिले नाही.

पत्र म्हणजे साधे पोस्टकार्ड. सिद्धेश्वर लातूरचा डाळीचा व्यापारी, रेणुकादासांचा कॉलेजातला सोबती. फोन त्याच्याकडे होता, रेणुकादासांकडेही होता. पण फोनवर रेणुकादास प्रत्येक गोष्टीला ‘बघू’ म्हणतात, हा त्याचा जन्मभराचा अनुभव. म्हणून या वेळी त्याने लेखी विचारले होते :

‘रेणुका, हुरड्याच्या दिवसांत सायकलीने निघू. लातूरहून शिरूर अनंतपाळ, मग उदगीर, मग देगलूरला आमच्या दानम्माकडे. शिवरात्र झाली की दोन्ही गुडघे बदलायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणतो, नंतर सायकल विसरा. बहिणीकडे शेवटचे सायकलीने जावे म्हणतो, पण एकट्याने जाण्यात मजा नाही. येतो किंवा येत नाही, एवढेच लिही. बघू लिहू नकोस.’

रेणुकादास नांदेडच्या एका महाविद्यालयातले निवृत्त ग्रंथपाल. नोकरीत असताना समोरच्या टेबलावर पडलेले पुस्तक कोणी मागितले, तरी ते आधी कार्डांचा खण उघडून बघत आणि मगच ‘आहे’ म्हणत. अशा माणसाला ‘येतो’ लिहिणे सोपे नव्हते. जायचे मनात पक्के होते. पण सामान कशात न्यायचे, हे ठरण्याआधी ‘येतो’ लिहिणे म्हणजे पुराव्याशिवाय केलेले विधान, असे त्यांना वाटले.

पुण्याच्या मुलीने, मनस्विनीने, फोनवर वाट दाखवली. “बाबा, कॅरियर आता कोणी लावत नाही. सीटच्या मागे लांबट पिशवी बांधतात. सीट-पॅक. बघून घ्या नीट, खूप प्रकार असतात.”

रेणुकादासांनी नीट बघितले. इंटरनेटवर बर्फातून सायकल नेणारे दाढीवाले तरुण एकेका पिशवीबद्दल तासभर बोलत होते. त्यांच्या मते जगात दोनच प्रश्न उरले होते : पिशवी डुलते का, आणि पिशवीत पाणी शिरते का. लातूरला पाणी रेल्वेने आलेले रेणुकादासांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तेच पाणी आपल्या पायजम्यात शिरेल, या काळजीने आता त्यांची झोप उडाली.

“अहो, दोन पायजमे आणि गोळ्यांची डबी,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. संसारात त्यांच्या वाट्याला नवऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचे काम आले होते. “त्याला निवड कसली करायची?”

“पायजमे किती लिटरचे आहेत, ते बघावं लागेल.”

“पायजमे लिटरचे?”

“सगळीकडे लिटरमध्येच दिलंय,” रेणुकादास अपराधी स्वरात म्हणाले.

चंद्रप्रभाबाईंनी पायजम्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि कुकर लावायला निघून गेल्या.

इथपर्यंत गोष्ट घरातली होती. मग रेणुकादासांच्या हातून चूक झाली. त्यांनी ती मंडळात नेली.

गोदावरीच्या काठाने रोज सकाळी सायकल चालवणाऱ्या ज्येष्ठांचे एक मंडळ आहे. सगळे सदस्य सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरी मात्र त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कोणाची सायकल पंक्चर झाली, तर आधी पंचनामा होतो, मग पंप निघतो. अध्यक्ष भुजंगराव बांधकामाकडचे उपअभियंता, सचिव लुंबिनीताई शिक्षण विभागाच्या अधीक्षक. चहाच्या टपरीवर रेणुकादासांनी सहज विचारले, “सीट-पॅक कोणता घ्यावा?”

सगळ्यांनी चहाचे पेले खाली ठेवले.

“तोंडी विचारताय, का अर्ज देताय?” लुंबिनीताईंनी विचारले.

“म्हणजे, आपलं सहज.”

“सहज विचारलेल्याला आम्ही सहज सांगणार, उद्या पिशवी सहज फाटणार, मग नाव कोणाचं येणार?”

हा मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी अर्ज आला आणि त्यावर ‘आसनपश्च पिशवी निवड उपसमिती’ स्थापन झाली. अर्जदाराचे हित जपण्यासाठी अर्जदारालाही तिच्यात घेण्यात आले. फक्त अर्जदार असल्यामुळे त्यांना मत नव्हते.

खरेदी म्हटली की तीन दरपत्रके हवीत. शहरात असली पिशवी दोनच दुकानांत मिळत होती. तिसरे दुकान निघेपर्यंत प्रकरण प्रलंबित राहिले. अखेर गाद्या-उशा शिवणाऱ्या एका कारागिराकडून तिसरे दरपत्रक मिळवण्यात आले. नमुना म्हणून त्याने कापूस न भरलेली उशी पाठवली. तांत्रिक छाननीत मऊपणाच्या निकषावर उशी पहिली आली आणि उरलेल्या दोन्ही पिशव्यांकडून खुलासा मागवण्यात आला.

तोवर पौष लागला होता. सिद्धेश्वरचा फोन आला.

“रेणुका, काय करायलास? पत्र मिळालं न्हाई का?”

“मिळालं.”

“मग?”

“समितीपुढं आहे.”

“माझं पत्र?”

“पत्र नाही, पिशवी. पिशवी ठरली की लगेच लिहितो.”

“आरं, हुरडा कडक व्हायलाय तिकडं. दाणा काय तुझ्या समितीसाठी थांबतो व्हय? दानम्मा रोज फोन करायलीय, कधी येता म्हून. येतो म्हण, न्हाई तर न्हाई म्हण.”

रेणुकादासांनी खोल श्वास घेतला. ‘येतो’ अगदी ओठांवर आला होता.

“बघू,” ते म्हणाले.

या फोनचा परिणाम झाला. रेणुकादासांनी आयुष्यात प्रथमच कामाला गती देण्याची विनंती केली आणि उपसमिती स्थळपाहणीला त्यांच्या घरी आली. प्रथम कॅरियर अडथळा ठरवून काढण्यात आला. चंद्रप्रभाबाईंनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. मग भुजंगरावांनी सीट आणि चाक यांच्यामधल्या जागेत हात घातला. हात अडकला. रेणुकादासांची उंची बेताची, त्यामुळे सीट खाली. खाली पिशवी लटकवली तर ती चाकाला घासणार.

“सीट वर घ्या,” भुजंगराव म्हणाले.

सीट वर घेतली. पिशवीला जागा झाली, पण रेणुकादासांचे पाय जमिनीपासून वर राहिले. पायडलला कशीबशी बोटे टेकत.

“चढायला स्टूल लागेल,” लुंबिनीताईंनी नोंद केली. “उतरायलाही.”

“पण रस्त्यात स्टूल कुठून आणायचं?” रेणुकादासांनी भीत भीत विचारले.

“सोबत न्यायचं. पिशवी आहे कशाला?”

स्टूल मोजले, तेव्हा ते कोणत्याच पिशवीत बसत नव्हते. म्हणून मोठ्या पिशवीची शिफारस झाली. मोठी पिशवी जास्त खाली लोंबत होती. म्हणून सीट आणखी वर घेतली. त्यामुळे आणखी उंच स्टूल लागले. त्यासाठी आणखी मोठी पिशवी लागली. भुजंगरावांनी आयुष्यभर याच रीतीने पूल बांधले होते. सीटचा दांडा संपला, तेव्हाच काम पूर्ण झाल्याचे त्यांनी जाहीर केले.

पायजम्यांसाठी आता पिशवीत जागा नव्हती. तो विषय पत्रिकेवर नसल्यामुळे चर्चेला आला नाही.

चाचणी मैदानावर ठरली. पिशवीत नियमाप्रमाणे तळाला स्टूल आणि वर वाळू भरली. भुजंगरावांनी एका बाजूने, अमरनाथ नावाच्या एका सदस्याने दुसऱ्या बाजूने धरून रेणुकादासांना वर बसवले आणि सोडले.

पिशवी डुलली नाही. उपसमितीने टाळ्या वाजवल्या. रेणुकादासांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला त्यांच्या लक्षात आले, की उतरायचे स्टूल वाळूखाली आहे.

“धरा मला,” ते ओरडले.

“चाचणीत हस्तक्षेप करता येत नाही!” लुंबिनीताई ओरडल्या.

वळणावर मैदानाचे दार उघडे होते. सायकल बाहेर पडली. रस्त्यावर थांबणे म्हणजे पडणे, म्हणून रेणुकादास चालवत राहिले. शहर मागे पडले. दोन्ही बाजूंना हळद आणि केळी लागल्या. समोरून येणारे ट्रकवाले उंच सिंहासनावर बसलेल्या म्हाताऱ्याला बघून हॉर्न देत होते. पहिल्यांदा भीती वाटली, मग घाम आला, मग वारा लागला आणि कधीतरी रेणुकादासांच्या ध्यानात आले, की आपण गुणगुणतो आहोत.

मुदखेडच्या अलीकडे रेल्वेचे फाटक बंद होते. पुढे उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. रेणुकादासांनी एक ऊस घट्ट पकडला आणि तसेच लोंबत राहिले.

ट्रॅक्टरवाल्याने मागे येऊन पाहिले. “काका, चढवू का उतरवू?”

“उतरवा.”

उतरवल्यावर त्याने ऊस मोडून दिला. रेणुकादास रस्त्याच्या कडेला बसून बऱ्याच वर्षांनी दातांनी ऊस सोलत होते. देगलूर काही फार लांब नाही, असे त्यांना प्रथमच वाटले. घरी जाताच ‘येतो’ लिहायचे, हे तिथेच ठरले. सायकल टेम्पोत टाकून ते परतले, तेव्हा उपसमिती दारातच बसली होती.

“चाचणी मैदानावर ठरली होती,” लुंबिनीताई म्हणाल्या. “मुदखेड वेगळा तालुका आहे. आपलं कार्यक्षेत्र नाही ते.”

“पण मी पोहोचलो ना.”

“पोहोचलात हे आम्हाला मान्य आहे. पण कशाच्या अधिकारात पोहोचलात?”

चाचणी रद्द झाली. फेरचाचणी शिवरात्रीनंतर घ्यायचे ठरले, कारण साबुदाणा खाऊन घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष विश्वसनीय मानता येत नाहीत. रात्री कार्ड समोर घेऊन बसलेल्या रेणुकादासांना हळूहळू, आपण मुदखेडला खरोखर पोहोचलो होतो का, अशीच शंका येऊ लागली. ऊस तर स्वप्नातही खाता येतो. त्यांनी पेनाला टोपण लावले.

शिवरात्र आली आणि गेली. मग एके दुपारी लातूरहून फोन आला.

“झालं रे रेणुका,” सिद्धेश्वरचा आवाज खोल गेला होता. “दोन्ही बी झाले. दवाखान्यातून बोलायलोय.”

“आणि देगलूर?”

“शिरूर अनंतपाळपर्यंत गेलो होतो, एकटाच. हुरडा समोर आला, चटणी आली, गूळ आला. पण एकट्याला गोड लागला न्हाई बघ. तिथूनच माघारी फिरलो. दानम्मानं पुरण शिजवून ठेवलं होतं म्हणं.”

रेणुकादासांना विचारायचे खूप होते. पण इतक्या महिन्यांत तोंडाला एकच वळण पडले होते.

“पिशवी कोणती नेली होतीस?” त्यांनी विचारले.



“रेणुका,” सिद्धेश्वर म्हणाला, “माझे गुडघे कापलेत रे.”

फोन ठेवून रेणुकादास टेबलाशी बसले आणि कच्चा मसुदा न करता थेट कार्डावर लिहिले : ‘सिद्धू, येतो. उद्याच्या एसटीने येतो आणि तू चालायला लागेपर्यंत राहतो. दानम्मालाही बोलावून घे. गुडघे कसे आहेत?’

चंद्रप्रभाबाईंनी खांद्यावरून वाचले. “अहो, कार्डाच्या आधी तुम्हीच पोहोचाल की!”

“त्यानं लेखी मागितलं होतं,” रेणुकादास म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

पोस्टाच्या पेटीपाशी भुजंगराव सायकलवरून येताना भेटले. त्यांनी एक पाय टेकला.

“काय टाकून राहिले, रेणुकादासराव?”

“सिद्धेश्वरला उत्तर.”

“आँ! म्हणजे पिशवी ठरली?”

“नाही.”

“मग उत्तर कशाचं दिलं?” भुजंगराव खरोखरच काळजीत पडले.

रेणुकादासांनी कार्ड सोडले. ते पेटीत पडले.

भुजंगरावांनी सिद्धेश्वरच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही, याबद्दल त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मित्र चालू लागला का, बहिणीची भेट झाली का, हे सोडून, त्या तीन पिशव्यांतली चांगली कोणती, हाच प्रश्न मनात धरून तुम्हीही इथपर्यंत वाचत आला आहात. उपसमितीत रेणुकादासांची जागा आता रिकामी आहे. अर्ज लेखी द्यावा.