बदामांच्या खोलीतला नवरदेव

"बाई वर झोपतील," घरमालकीण अगातीना मावशींनी सांगितलं, "आणि तुम्ही खाली, बदामांच्या खोलीत."

एत्तोरेच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, काखेत फुल्वियाची उन्हाची टोपी होती आणि विमान, बस आणि शेवटी एका भाजीच्या टेम्पोतून प्रवास करून त्याचं अंग आंबून गेलं होतं. आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं असावं, असं त्याला आधी वाटलं. म्हणून त्याने हसून सांगितलं की आम्ही नवरा-बायको आहोत.

मावशींनी आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग फुल्वियाच्या. दोघांचीही बोटं मोकळी होती.

"असं सगळेच म्हणतात," मावशी म्हणाल्या.

आता अंगठ्यांचं असं झालं होतं, की लग्नानंतर एत्तोरेने अंग धरलं तसं त्याच्या बोटानेही धरलं, आणि एक दिवस दुकानातल्या प्लंबरने करवतीने त्याची अंगठी कापून काढली. उत्तर इटलीतल्या तोरीनोत एत्तोरेचं नळ, बेसिन आणि बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं. नवी अंगठी घ्यायची हे तो दरवर्षी ठरवत होता. फुल्विया औषधांच्या दुकानात नोकरीला. मलमं कालवताना अंगठीत अडकतात म्हणून तिची अंगठी तिथल्या ड्रॉवरमध्ये कापसाच्या गुंडाळीत पडलेली असायची.

नोव्हेंबरात तोरीनोवर धुकं बसलं की फेब्रुवारीपर्यंत उठत नाही. फुल्विया कित्येक वर्षं म्हणत होती, की या दिवसांत एकदा तरी खाली सिसिलीत जाऊ. तिथे सान मार्तीनोच्या सणाच्या आसपास म्हणे परत उन्हाळा येतो. एत्तोरे कित्येक वर्षं म्हणत होता, की बघू. यंदा तिने त्याला न विचारताच पोज्जोफीको गावातल्या एका शेतघराचा वरचा मजला ठरवून टाकला. इंटरनेटवर लिहिलं होतं: जोडप्यांसाठी, शांत, उन्हाची गच्ची. जाहिरात मावशींच्या पालेर्मोतल्या भाचीने दिली होती. खालच्या मजल्यावर मावशी राहतात, हे लिहायला ती विसरली होती.

एत्तोरेने ओळखपत्रं दाखवली. दोघांची आडनावं वेगळी. इटलीत बायका माहेरचंच आडनाव लावतात, हे मावशींना ठाऊक होतंच. त्यांनी स्वतःही तेच लावलं होतं. "पण माझं लग्न अख्ख्या गावाने पाहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं कोणी पाहिलं?"

शेवटी एत्तोरेने मुलीला, ओर्नेलाला, फोन लावला आणि मोठ्या विश्वासाने मावशींच्या हातात दिला. मावशींनी सरळ विचारलं, तुझ्या आईबापाचं लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं. ओर्नेला बिचारी खरं बोलणारी मुलगी. चर्चमध्ये झालेलंच नाही, असं तिने सांगून टाकलं. मावशींनी फोन परत दिला आणि क्रूसाची खूण केली. आतापर्यंत नुसता संशय होता, आता त्याला मुलगीही झाली होती.

"आमचं लग्न नगरपालिकेत झालंय," एत्तोरे म्हणाला.

"नगरपालिका कुत्र्याला बिल्ला देते, हातगाडीला परवाना देते. लग्न कधीपासून द्यायला लागली?"

खरं तर तेव्हा नगरपालिका ही एत्तोरेचीच निवड होती. त्याच्या वडिलांनी जन्मात चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि तो बाणा चालवणं एत्तोरेला सोयीचंही होतं, कारण नगरपालिकेत जेवणाच्या सुट्टीत काम उरकत असे. पण हे मावशींना सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने दुसरीकडे जागा शोधली. समुद्राकाठची हॉटेलं हंगाम संपल्यामुळे बंद होती. एक उघडं होतं, पण त्याचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं होतं. चिडून त्याने वर पाहिलं, तर फुल्विया केव्हाच गच्चीत पोचली होती आणि बूट काढून, पाय पसरून उन्हात बसली होती.

"फुल्विया, तू तरी काही बोल ना."

"काय बोलू? ऊन काय छान आहे."

बदामांच्या खोलीत एक खाट होती, छतापर्यंत पोती होती आणि एक मांजर होतं. खाट मांजराची होती. एत्तोरेने पोत्यांवर अंथरूण घातलं. पोत्यातले बदाम टरफलासकट असतात आणि ते रात्रभर पाठीखाली इकडून तिकडे सरकतात, हे ज्ञान त्याला त्या घरात मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव झोपलेलं असताना, त्याने वर जायचं ठरवलं. जिना मावशींच्या दारासमोरून जात होता. पण अंगणात द्राक्षाच्या वेलाचा मांडव होता आणि मांडवाचं टोक गच्चीला लागलेलं होतं. विचारलंच कोणी, तर चष्मा आणायला चाललोय, असं सांगायचं त्याने मनाशी ठरवलं. चष्मा मात्र त्याच्या खिशातच होता. बूट काढून तो पाणी साठवायच्या टाकीवरून मांडवावर चढला आणि ओणवा होऊन निघाला.

मांडव द्राक्षांसाठी बांधलेला होता, टाइल्सच्या व्यापाऱ्यासाठी नव्हे. मधोमध आल्यावर एक फळी मोडली. मांडवाच्या खालीच आळीतल्या बायका बदाम फोडत बसल्या होत्या, कारण मावशींकडे बदामांच्या दिवसांत दुपारी कोणी झोपत नसे. आधी पिवळी पानं पडली. मग अंगठ्याला भोक पडलेल्या मोज्यासह एक पाय खाली आला आणि बायकांच्या मधोमध लोंबकळत राहिला.

बायका किंचाळल्या वगैरे नाहीत. एकीने मोज्याचं भोक बघून म्हटलं, "खरंच बायको नाही वाटतं याला."

चर्चमधून शिडी मागवली गेली आणि शिडीबरोबर फादर जेर्लांदोही आले. ते शिडी चढून वर पोचले तेव्हा एत्तोरे कंबरेपर्यंत वेलात अडकलेला होता. अशा अवस्थेत माणूस नीट ऐकून घेतो, हे फादरांना अनुभवाने माहीत असावं. त्यांनी घाई केली नाही.

"परवा सान मार्तीनो आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी चर्चमध्ये या, पाच मिनिटांत लग्न लावतो. बिशपच्या कचेरीतलं काय ते मी बघतो."

एत्तोरेने सांगितलं की आपला देवावर विश्वास नाही.

"देवाचं मी बघून घेईन. पण मावशींशी वाद घालायला मला सांगू नका. माझ्या चर्चमधला दिवा त्यांच्या तेलावर जळतो, आणि माझं सॅलडही त्यांच्याच तेलात भिजतं."

पाठीत बदाम, पायाला फळी. एत्तोरेने वडिलांची मनातल्या मनात माफी मागितली आणि होकार दिला. फादर, मावशी आणि तो, तिघांनी मिळून सगळं ठरवलं. फुल्वियाला हे सणाच्या सकाळी कॉफी पिताना कळलं. "दहा वाजता आपलं लग्न आहे," गच्चीखाली उभं राहून एत्तोरेने सांगितलं. "लवकर आवर." ती म्हणाली, "बरं."

त्या दिवशी नव्या वाइनची पिंपं उघडली जातात. लग्नानंतर मावशी एक पिंप उघडणार अशी बातमी पसरल्यामुळे चर्च गच्च भरलं होतं. फादरांनी एत्तोरेला विचारलं, ही स्त्री तुला पत्नी म्हणून मान्य आहे का. एत्तोरेने घड्याळाकडे बघत "हो, हो" म्हटलं. मग त्यांनी फुल्वियाला विचारलं.

फुल्विया काहीच बोलली नाही. तिला ऐकू गेलं नसेल असं समजून फादरांनी परत विचारलं.

"ऐकलं मी, फादर," ती म्हणाली. "मागच्या वेळी असंच विचारलं होतं, पण तेव्हा घाई होती. ह्याने गाडी चुकीच्या जागी लावली होती आणि पोलीस समोरच उभा होता. यावेळी मला जरा विचार करू द्या."

चर्चमध्ये कोणीतरी शिंकलं. एत्तोरेने कुजबुजत तिला विचारलं की हे काय चाललंय. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती वेळ लागेल?" फादरांनी विचारलं.

"ऊन आहे तोवर."

पिंप मावशींनी तरीही उघडलं. लोक एत्तोरेच्या पाठीवर हात ठेवून पीत होते, मयताला आल्यासारखे. संध्याकाळपर्यंत गावाने निष्कर्ष काढला: बाई मोकळी आहे, कमावती आहे, आणि वरच्या मजल्यावर राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी मधमाश्या पाळणारा विधुर ओनोफ्रिओ इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात हजर झाला.

मावशींच्या घरी गच्चीवरून दोरीने टोपली खाली सोडायची पद्धत होती. पाव, भाजी, टपाल सगळं त्यातून वर जाई. ओनोफ्रिओने टोपलीत मधाची बरणी ठेवली. फुल्वियाने ती ओढून घेतली आणि वरून छान हसून आभार मानले. एत्तोरेने त्याला गाठून सांगितलं की ती माझी बायको आहे.

"असं तुम्ही म्हणता," ओनोफ्रिओ सभ्यपणे म्हणाला. "त्या तर अजून विचार करताहेत."

एत्तोरे तडक मावशींच्या स्वयंपाकघरात गेला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतः कॉफी केली. पहिली उतू गेली, दुसरी करपली. तिसरी त्याने टोपलीत ठेवली, टोपली हलली, आणि वर निम्मीच कॉफी पोचली. कप रिकामा होऊन खाली आला, एवढ्यावर तो दिवसभर खूश होता. दुसऱ्या दिवशी ओनोफ्रिओने पोळंच्या पोळं आणलं. एत्तोरेने सकाळभर मावशींच्या माणसांबरोबर ऑलिव्ह झोडले आणि अर्धी परडी बक्षीस मिळवून टोपलीत ठेवली. कच्चे ऑलिव्ह कडूजहर असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फुल्वियाने एक खाल्ला, तोंड वाकडं केलं, आणि परत टोपली सोडताना ती हसत होती.

सान मार्तीनोचा उन्हाळा एरवी चार दिवसांत आटोपतो. यंदा तो हलायलाच तयार नव्हता. रोज सकाळी एत्तोरे आकाशाकडे बघायचा, आणि रोज आकाश निळंशार. मान वर करून बोलून त्याची मान धरली. पण बोलणं चालू राहिलं. खालून ओरडून बोलायचं म्हटल्यावर मोजे कुठे आहेत आणि वीजबिल भरलं का, असले प्रश्न विचारता येत नाहीत. सगळी आळी ऐकत असते. काहीतरी बरं बोलावं लागतं.

एका दुपारी फुल्विया कठड्यावर हात टेकून म्हणाली, "मला स्वतःचं औषधाचं दुकान काढायचं होतं. आठवतं का तुला?"

त्याला अंधूक आठवत होतं. "मी काय म्हणालो होतो तेव्हा?"

"संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, असं विचारलं होतंस."

खाली बदाम फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. एत्तोरेने फरशीकडे पाहिलं. चपलेत मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला होता, तो त्याने दुसऱ्या पायाखाली लपवला.

"आणि आता काढायचं म्हटलं तर?" फुल्वियाने विचारलं.

त्याला छान काहीतरी बोलायचं होतं, पण छान बोलायची सवय एका आठवड्यात होत नाही.

"टाइल्स घाऊक भावात देईन," तो म्हणाला. "बसवून."

फुल्विया जी हसायला लागली ती थांबेचना. बायकाही हसल्या. मावशी हसल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी एत्तोरेला मटणाचा दुसरा तुकडा वाढला.

परतायच्या आदल्या दिवशी ढग भरून आले आणि रात्रीची जेवणं होत असताना पाऊस कोसळला. फुल्विया डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून जिना उतरून खाली आली आणि बदामांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "फादर झोपायच्या आत."

चर्चमध्ये यावेळी पाच-सहाच माणसं होती. ओनोफ्रिओ साक्षीदार म्हणून आला, मधाची बरणी घेऊनच. फुल्वियाने फादरांना सांगितलं की विचार झाला, माझी हरकत नाही. फादर म्हणाले, असं मधूनच सुरू करता येत नाही, पहिल्यापासून घ्यावं लागेल. आणि त्यांनी एत्तोरेला विचारलं, ही स्त्री तुला पत्नी म्हणून मान्य आहे का.

एत्तोरेने तोंड उघडलं. शब्द येईना. डोळ्यांपुढे मेणबत्त्या लांबट दिसत होत्या. फुल्विया ओल्या केसांनी शेजारी उभी होती, आठवडाभर ऊन खाऊन तिचं नाक सोललं होतं, आणि ती "नाही" म्हणू शकली असती हे त्याला आत्ता, या क्षणी कळत होतं. फादर थांबले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागून मावशींनी त्याच्या बरगडीत छत्रीचं टोक खुपसलं.

"बोला. नाहीतर ओनोफ्रिओ मोकळाच आहे."

"हो," एत्तोरे म्हणाला. पहिल्या रांगेलासुद्धा ते ऐकू गेलं नाही, पण फुल्वियाला गेलं.

घरी आल्यावर मावशींनी स्वतः त्याची बॅग उचलून वर नेली, पलंगावर कोरी चादर घातली, उशाशी ओनोफ्रिओचा मध ठेवला आणि दार ओढून घेतलं.

सकाळी पाऊस थांबला होता. बायकांना फोडायला बदाम द्यायचे म्हणून मावशींनी खालची खोली उघडली, तर पोत्यांवर अंगाभोवती कोट गुंडाळून नवरी झोपलेली. पायाशी मांजर. मावशींचा चेहरा पडला. त्यांनी तिला हलवून उठवलं आणि विचारलं की काय झालं, भांडला का, काही वेडंवाकडं बोलला का.

"नाही हो मावशी," फुल्विया डोळे चोळत म्हणाली. "घोरतो."

मावशींनी वर कान दिला. गच्चीचं दार बंद होतं, तरी आवाज जिन्यावरून पायरी पायरी खाली येत होता. त्या पोत्यावर तिच्या शेजारी बसल्या.

"एवढी वर्षं असंच?"

"असंच."

"अगं पोरी," मावशी म्हणाल्या, "मग हे चर्चमध्ये उभं राहण्याआधी सांगायचं नाही का? मी हे लग्न लागूच दिलं नसतं."