दामू धनेशाच्या फायलीतली आत्याबाई

एका जंगलात, म्हणजे खरं तर दोन जंगलांत, कारण मधे नदी होती, दामू नावाचा एक धनेश राहत होता. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी, मुलांनो. चोच एवढी मोठी, की आधी चोच येते आणि मग जरा वेळाने धनेश येतो.

नदीच्या अलीकडे ऐलरान आणि पलीकडे पैलरान. दामू मूळचा ऐलरानातला. पैलरानात वडाला फळं जास्त, म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. लग्न करायला मात्र ऐलरानात आला. सगळे तसंच करतात.

मुलगी चांगली मिळाली. बकुळा तिचं नाव. बोलायला जराशी फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. मला तरी ती पहिल्यापासून आवडली.

लग्नात दोन गोष्टी झाल्या. तेव्हा कोणाला त्यांचं काही वाटलं नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. रीतीप्रमाणे नवरीचं नाव बदललं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून लिहितात, त्यांच्याकडे वडाची फळं पसरतात. दामूने चोचीने त्यात 'वैदेही' असं नाव लिहिलं. सगळ्यांनी छान छान म्हटलं. मग दामूच्या आत्याबाईंनी ताट पुढे ओढलं आणि नाव खाऊन टाकलं.

"अहो, काय हे?" नवरीची आई म्हणाली.

"फळं वाया घालवायची का मग?" आत्याबाई म्हणाल्या. "एवढं मोठं नाव ठेवलंय, पोट भरलं माझं."

दुसरी गोष्ट फोटोंची. तिथे फोटो काढायचं काम सुतारपक्ष्याकडे असतं. तो सालीवर टोचून टोचून चित्र कोरतो. त्याने एकशे बारा फोटो काढले आणि एकशे बारा फोटोंत आत्याबाई आल्या. डावीकडे दामू, उजवीकडे नवरी आणि मधे आत्याबाई.

"आत्याबाई, जरा बाजूला होता का?" सुतारपक्षी एकदा म्हणाला.

"का? मी परकी आहे?"

सुतारपक्ष्याने पुढची साल घेतली.

लग्न झालं. वैदेही नदी ओलांडून पैलरानात आली. तिला परवाना मिळाला तो फक्त एका हंगामाचा. सावरीचा कापूस उडायला लागला की त्या दिवशी तो संपणार. त्याआधी आपलं लग्न खरं आहे, हे वास्तव्य कचेरीत सिद्ध करायचं. केलं, तर कायमचा दाखला. नाही केलं, तर दोन रानकुत्री येतात आणि नदीपर्यंत सोडून येतात. हसू नका. अगदी अदबीने सोडून येतात म्हणे.

लग्न खोटं कशाला असेल, असं तुम्ही विचाराल. पण काही जण नुसत्या फळांसाठी लग्न करायचे. त्यामुळे जे फळांसाठी करत नव्हते, त्यांना कागद गोळा करावे लागायचे. फळांसाठी करणाऱ्यांचे कागद आधीच तयार असायचे.

दामू आणि वैदेही फाईल करायला बसले. लग्नाचा दाखला झाला, त्यावर नाव वैदेही. जन्माचा, म्हणजे अंड्याचा दाखला झाला, त्यावर नाव बकुळा. डोमकावळ्याकडून तब्येतीचा दाखला आणला: पिसं ठीक, उवा नाहीत. सगळ्याच्या तीन तीन प्रती. वर एकशे बारा साली. फाईल चोचीत मावेना, आणि धनेशाच्या चोचीत काही मावत नाही, असं सहसा होत नाही.

"अहो, लग्नाला एवढी तयारी नव्हती केली," वैदेही म्हणाली.

"लग्नाला फक्त लग्न करायचं होतं," दामू म्हणाला.

शेजाऱ्याचं पत्रही लागायचं, पण ते सुनावणीच्या दिवशी. त्यांच्या झाडाखाली एक टिटवी राहत होती. तिला रानातले लोक उगाच चोंबडी म्हणायचे. अरे, कोणाच्या घरात काय चाललंय हे कोणाला तरी माहीत नको का? वेळेला तीच उपयोगी पडते. वेळ आली तेव्हा टिटवीने पत्र एका बैठकीत लिहून दिलं. पण ते पुढे येईल.

फाईल कचेरीत गेली. सुनावणीची तारीख आली. ती नेमकी सावरीचा कापूस उडण्याच्या दिवसाची होती.

आणि मधल्या काळात वैदेहीला अंडी घालायची वेळ झाली.

आता धनेशांची एक रीत आहे, ती माहीत हवी. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते. मग आतून ती आणि बाहेरून तो, असं चिखलाने दार लिंपून बंद करतात. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवतात. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. पिसंही झडलेली असतात, त्यामुळे उडता येत नाही. नवरा दिवसभर फळं आणून फटीतून भरवतो. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण अर्ज चालू असताना नदी ओलांडली की अर्ज रद्द होतो. मग ऐलरानातून आत्याबाईच पाहुणीच्या परवान्यावर आल्या. आपलं आंब्याच्या झाडातलं घर तसंच उघडं टाकून आल्या.

वैदेहीने दोन अंडी घातली. दार लिंपलं. आणि सुनावणीचा दिवस उजाडला.

"आज नाही जमलं तर?" तिने फटीतून विचारलं.

दामूने फटीतून एक फळ आत दिलं. रानकुत्री दार फोडणार, हे दोघांनाही माहीत होतं. फुटलेल्या ढोलीत अंडी राहत नाहीत आणि पिसं नसलेल्या आईला नदी ओलांडता येत नाही.

"मी येते तुझ्याबरोबर," आत्याबाई म्हणाल्या. "तुला चार लोकांत बोलता येत नाही. शाळेतही यायचं नाही."

कचेरीत बगळेसाहेब एका पायावर उभे होते. पांढरेशुभ्र. हलायचे नाहीत, फक्त डोळा फिरायचा. दाराशी दोन रानकुत्री बसली होती. बाहेर सावरीचा कापूस उडत होता.

बगळेसाहेबांनी फाईल उघडली.

"नवरा-बायको एकत्र राहतात का?"

"हो साहेब," दामू म्हणाला. "म्हणजे ती आत असते, मी बाहेर असतो."

"मधे काय आहे?"

"भिंत आहे."

बगळेसाहेबांनी 'वेगळे राहतात' असं लिहिलं.

"साहेब, ते शेजारणीचं पत्र वाचा ना," दामू म्हणाला.

बगळेसाहेबांनी टिटवीचं पत्र मोठ्याने वाचलं. "मी यांच्या झाडाखालीच राहते. दामू दिवसातून एकोणीस वेळा फळं आणतो. ती आतून म्हणते, कडू आहेत. तो म्हणतो, मग आता साखर लावून आणू का? परवा दोघं बराच वेळ बोलले नाहीत. कारण समजलं नाही, वारा उलटा होता. तरी संध्याकाळी तो तीन फळं जास्त घेऊन आला. मी मोजली." साहेबांनी पत्र खाली ठेवलं. "हिला एवढं माहीत कसं? पत्र संशयास्पद आहे."

मुलांनो, यावर मी काही बोलत नाही.

साहेबांनी पान उलटलं. "ही बकुळा कोण?"

"तीच वैदेही, साहेब. लग्नात नाव बदललं."

"बदलल्याचा पुरावा?"

दामूने मान खाली घातली. "आत्याबाईंनी खाल्ला."

बगळेसाहेबांनी तेही लिहून घेतलं. "म्हणजे दाखल्यावर दोन बायका आहेत आणि समोर एक. ठीक आहे. आता फोटो."

त्यांनी एकशे बारा साली सावकाश पाहिल्या. मग समोर पाहिलं. दामूच्या शेजारी आत्याबाई उभ्या होत्या. सवयीने जरा मधेच.

"चेहरा जुळतो," साहेब म्हणाले. "बाई, नवऱ्याला न आवडणारं फळ कोणतं?"

"कवंडळ," आत्याबाई चटकन म्हणाल्या. कोणी काही विचारलं आणि आपल्याला येत असलं, की त्यांना गप्प बसवत नसे. "एकदा खाल्लं आणि तीन दिवस फांदीवरून हलला नाही."

"झोपतो कोणत्या कुशीवर?"

"डाव्या. आणि झोपेत चोच वाजवतो."

"बरोबर." साहेबांनी खूण केली. "किती दिवसांची ओळख?"

आता कुठे आत्याबाईंना शंका आली. "अहो साहेब, काय विचारताय? मी याला अंगाखांद्यावर खेळवलाय!"

"दीर्घ परिचय," साहेबांनी लिहिलं. आणि कोणी काही म्हणायच्या आत शिक्का मारला. "अभिनंदन. वैदेही दामू धनेश, कायम वास्तव्य मंजूर."

"साहेब, ही माझी आत्या आहे!" दामू ओरडला.

"दुरुस्तीचा अर्ज करा. सात पावसाळे लागतात."

"पण माझी बायको घरी आहे! अंड्यांवर बसली आहे!"

"तुमची बायको इथे उभी आहे. शिक्का झालाय. घरात आणखी कोणी असेल, तर तिचा परवाना आज संपतो." बगळेसाहेबांनी डोळा फिरवला. रानकुत्री उठली आणि त्यांनी आळस दिला.

दामू आत्याबाईंकडे पाहायला लागला. चार लोकांत त्याला बोलता येत नव्हतंच.

आत्याबाईंनी एकदा कापसाकडे पाहिलं. एकदा कुत्र्यांकडे पाहिलं. मग पदर सावरल्यासारखे पंख सावरले.

"साहेब, एक विचारू? मी आता इथली कायमची झाले ना?"

"झालात."

"मग माझ्या घरात मला नात्यातलं कोणी ठेवता येतं?"

"एक जण. एकपानी अर्ज. दोघींचा एकत्र फोटो लागेल."

"किती देऊ?" आत्याबाई म्हणाल्या.

एकशे बारा फोटोंत आत्याबाई आणि नवरी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एका फोटोत तर आत्याबाई नवरीला घास भरवत होत्या. नाव लिहायची वेळ आली तेव्हा अंड्याचा दाखला होताच: बकुळा. नाव बदलल्याचा कुठलाही पुरावा नव्हता, त्यामुळे काही अडचण आली नाही.

"किती स्वच्छ प्रकरण आहे," बगळेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला. ते पाय बदलताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. "फक्त एक. नात्यातलं कोणी ठेवलंत, की तुम्हाला नदी ओलांडता येणार नाही. तुम्ही गेलात की तुमचा दाखला संपेल. मग तिचाही."

"माझा आंबा मोहरलाय तिकडे," आत्याबाई म्हणाल्या.

साहेबांनी काही लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "द्या कागद."

दोघं घरी आले. टिटवी झाडाखाली सहजच उभी होती.

"काय झालं?" फटीतून आवाज आला.

दामूने सगळं सांगितलं. टिटवी दोन पावलं पुढे सरकली. वारा सरळ होता, तरी सरकली.

"म्हणजे राहायचं?"

"राहायचं. आपण सगळेच."

"आणि कागदावर मी कोण?"

"बकुळा."

"बरं झालं. त्या वैदेहीची मला सवयच होत नव्हती." फटीतून चोच थोडी बाहेर आली. "आणि तुम्ही माझे कोण?"

दामूने कागद वाचला. "आत्याबाईंचे यजमान."

"मग काका," बकुळा म्हणाली, "सकाळची फळं कडू होती."

दामू फळं आणायला गेला. पुढे दोन्ही अंडी फुटली, पिल्लं मोठी झाली, दार फुटलं ते आतून फुटलं आणि सगळे बाहेर आले. संध्याकाळी ते एका फांदीवर बसतात. डावीकडे दामू, उजवीकडे बकुळा, आणि मधे आत्याबाई. त्यांचं तोंड नेहमी नदीकडे असतं. आता त्यांना बाजूला व्हा असं कोणी म्हणत नाही.

तात्पर्य, शहाणे असाल तर लिहून ठेवा: नवरा-बायकोच्या मधे तिसऱ्याने येऊ नये, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी कधी फाईल केलेली नसते. लग्नाच्या फोटोत आत्याला मधेच उभी करावी, आणि नवरीचं नाव बदललंच, तर ते ताबडतोब खाऊन टाकावं.