मामाची मांडी

पळणीच्या सुनेला टकलांचं काय कौतुक! मुरुगनच्या देवळाच्या डोंगरापायथ्याशीच आमचं पंचामृताचं दुकान. दारावरून दिवसभर देवाला केस वाहिलेली गुळगुळीत डोकी जातात, चंदन फासलेली, उन्हात बेसनाच्या लाडवांसारखी चमकणारी! वर लाउडस्पीकर अखंड ओरडत असतो, 'अमुक गावचे तमुक, तुमच्या सौभाग्यवती चहाच्या टपरीजवळ रडत आहेत!' मी गल्ल्यावर बसून खुदखुदते. अहो, केस गेले म्हणून माणूस बदलतं का? माझ्या माणसांना मी पाठमोऱ्या मानेवरून ओळखीन!

हे मी नवऱ्याला, सासूबाईंना आणि दुकानात केळी टाकायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही ऐकवून ठेवलं होतं.

तर आमच्या लेकीचं, याळिनीचं जावळ होतं. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती हो, रडायचीसुद्धा जपून जपून. तेव्हाच मी मुरुगनला नवस बोलले होते, वर्षाच्या आत हिचे केस तुझ्या पायाशी वाहीन. आता वर्ष भरत आलं होतं आणि मुहूर्त हा एकच उरला होता. तोही राहूकाळ लागायच्या आधीचा.

जावळाला पोर मामाच्याच मांडीवर लागतं. काका चालत नाही, बाप तर मुळीच नाही. माझा भाऊ कदिरवन म्हणजे डोक्यावर कुरळं रान आणि ओठावर ही भली मिशी. याळिनी एका हातात केस, दुसऱ्यात मिशी धरून त्याच्या मांडीवर अशी बसते, जणू बैलगाडी हाकतेय! दुसऱ्या कुणाकडे दिली की भोंगा सुरू.

केस उतरवायच्या मंडपात तोबा गर्दी. कदिरवन म्हणाला, "अक्का, आलोच हं," आणि गडप!

इकडे आमचा नंबर लागला. न्हावी वेलप्पा ओरडला, "मामा कुठाय? वस्तरा वाळतोय माझा!"

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, राहूकाळ काही तुझ्या भावाचा पाहुणचार करायला थांबत नाही!"

मी पोरीला काखोटीला मारून भावाला शोधत धावले. फुलवालीने हटकलं, "तो कुरळ्या ना? पलीकडे वस्तऱ्याखाली बसला होता की! भाचीसाठी नवस होता म्हणे."

माझ्या लेकीसाठी नवस, आणि मला पत्ता नाही! डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी समोर बघितलं, तर जिकडे तिकडे लाडूच लाडू! पण खांबाशी एक मान दिसली. कदिरवन नेसला होता तशीच हिरव्या काठाची वेष्टी, म्हणजे आमच्याकडची लुंगी, चंदनाचा थर आणि बाहेर आलेले कान. आमच्या घराण्याचेच कान!

पाठीत एक धपाटा घातला. "गाढवा, सांगून जायला काय झालं होतं? चल!"

"अहो बाई..."

"नाटकं पुरे!" मी मनगट धरून ओढत नेलं. मागे वळून बघायचं कशाला? ओळखलं होतं ना! पाटावर त्याला दाबून बसवलं, मांडीवर याळिनी ठेवली आणि वेलप्पाला म्हटलं, "फिरवा वस्तरा!"

पोरगी त्याचे कान धरून खिदळायला लागली. अर्धं डोकं झालं, तेवढ्यात मागून हाक आली.

"अक्का, झालं माझं! दे भाचीला!"

वळून बघते तर कदिरवन! मिशीसुद्धा वाहून आलेला. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा!

"मग हा कोण?" सासूबाई किंचाळल्या.

पाटावरचे गृहस्थ ओशाळून म्हणाले, "मी तंगवेल. सेलमचा."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"बोलत होतो, पण धपाटा पडला. आणि मला बहीण नाही हो ताई. एवढ्या हक्काने कुणी कधी ओढून नेलंच नव्हतं!"

मी याळिनीला उचलून कदिरवनच्या हातात दिलं. तिने त्याच्या डोक्याकडे बघितलं, ओठाकडे बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की पत्र्यावरची माकडं पळाली! परत तंगवेलांकडे दिली तर हसायला लागली.

"अगं, मी मामा!" कदिरवन रडकुंडीला आला. ती आणखी जोरात!

वेलप्पाने वस्तरा खाली ठेवला. "अर्धं डोकं मुरुगनला आणि अर्धं राहूला? काय ते लवकर ठरवा!"

नवरा घड्याळाकडे बघत होता, मी डोंगराकडे. अशा वेळी आमच्या सासूबाई!

"कदिरवन, पाटावर बस. तंगवेल, तुम्ही त्याच्या मांडीवर बसा."

"मी?"

"पोर तुमच्या मांडीवर, तुम्ही मामाच्या मांडीवर. म्हणजे पोर मामाच्याच मांडीवर! देऊळ डोंगरावर आहे म्हणून काय ते जमिनीवर नाही?"

मानेवरून ओळखणारीने अंग कुठे बघितलं होतं? तंगवेल म्हणजे पिकलेला फणस आणि माझा भाऊ म्हणजे शेवग्याची शेंग! फणस शेंगेवर बसला. कदिरवन जांभळा पडला. "अक्का, लवकर! पाय... पाय गेले माझे!"

"हलू नकोस, वस्तरा आहे!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

शेवटची बट ताटात पडली आणि गर्दीने 'हरोहरा'चा गजर केला. राहूकाळ लागायला अजून श्वासभर अवकाश होता! मी त्या इवल्या डोक्यावर चंदन लावलं. कसं गार, कसं मऊ! माझ्या बोटांखाली टाळू धडधडत होती. तेवढ्यात तिने तंगवेलांच्या नाकाला धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट म्हणाली, "मा-मा!"

खालून कदिरवनचा हुंदका ऐकू आला. तो पायाला मुंग्या आल्याने होता, असं तो म्हणतो.

आता कान टोचायचे आहेत, तेही मामाच्याच मांडीवर. सेलमहून निरोप आलाय, सोन्याचे डूल घेऊन मामा निघाले. कदिरवनही येतोय. केस वाढलेत, मिशीही फुटलीय, तरी फोनवर पहिलं वाक्य हेच, "अक्का, या खेपेला वर कोण बसणार, ते आत्ताच ठरवून टाक!"